दोन राखाडी

भाऊ दुपारी जेवायला घरी यायचे तेव्हा आई आधी त्यांच्या नखांकडे बघायची. "आज राणी कलर चालू हाय वाटतं," असं म्हणत ती ताट वाढायला घ्यायची. साबण, दगड, लिंबाची फोड, कशानेही तो रंग निघत नसे. दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा चढे, एवढंच. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो, कारण धाकटे काका त्यांना तसं म्हणायचे आणि लहानपणी माझ्या कानाने तेच उचललं. भिवंडीतल्या एका डाय हाऊसमध्ये ते कलर मास्टर होते. लूमवरून उतरलेलं कोरं कापड तिथे रंगायला यायचं. व्यापारी सोबत वीतभर नमुना पाठवायचा. कापडाचा रंग त्या नमुन्याशी तंतोतंत जुळला की नाही, हे सांगणं भाऊंचं काम. ते 'पास' म्हणाले की माल पुढे जायचा, आणि त्यांच्या 'पास'वर शेठसुद्धा दुसऱ्यांदा नजर टाकत नसत. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. नव्या माणसाला वाटे, हे शाळेत शिकवतात.

आमच्या दोन खोल्या डाय हाऊसच्या मागच्या गल्लीत होत्या. दोन्ही अंगांना लूमचे कारखाने. दिवसभर, रात्रभर खटक-खटक, खटक-खटक. पाहुणे आले की पहिली रात्र त्यांना झोप लागायची नाही, आम्हाला मात्र लूम बंद झाले की जाग यायची. आठवड्यातून एकदा लाइट जायची त्या दिवशी सगळं शांत व्हायचं आणि आम्ही सवयीने ओरडून बोलायचो, मग आपल्याच आवाजाने दचकायचो. आईचं माहेर पडघ्याच्या बाजूला. तिथून तांदूळ यायचा, वाल यायचे, आंबोशी यायची. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि तव्यावर परतलेली सुकट, हे भाऊंचं आवडतं जेवण. सुकटीचा वास आणि डाय हाऊसच्या बॉयलरचा वास एकमेकांत मिसळलेला असायचा. आजही कुठे सुकट भाजली की माझ्या नाकात मागोमाग तो गरम, आंबूस, ओल्या कापडाचा वास येतो. घरात कुणी काही रांधत नसलं तरी येतो. मोठी ताई लग्न होऊन गणेशपुरीकडे गेली होती, त्यामुळे घरात आम्ही तिघंच.

भाऊ फार शिकलेले नव्हते. रंगाचं ज्ञान त्यांनी वीस वर्षं वाफेत उभं राहून मिळवलं होतं. नमुना बघायची त्यांची एक पद्धत होती. कापड आणि नमुना एकमेकांवर घडी घालून ठेवायचे, उत्तरेच्या दाराशी न्यायचे, एकदाच बघायचं आणि मान फिरवायची. "जास्त बघितलास का डोळा फसतो," असं ते म्हणायचे. रंगांची नावं त्यांच्याकडे शेकड्याने होती. मोरपिशी, अंजिरी, आमसुली, श्रीखंडी, गुलबक्षी. दोन आमसुलींमधला फरक ते मला समजावायला लागले की आई म्हणायची, "जेवा आधी, भाकरी गार होतेय."

मी नववीत गेले तेव्हा शाळेत देवधरबाई आल्या. चित्रकला शिकवायच्या. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर एक वर्तुळ काढून त्याचे बारा भाग केले आणि सांगितलं, की तांबडा, पिवळा आणि निळा हे तीन मूळ रंग, बाकीची सगळी यांची लेकरं. तांबडा-पिवळा मिळून नारिंगी, पिवळा-निळा मिळून हिरवा, निळा-तांबडा मिळून जांभळा. वर्तुळात जे दोन रंग समोरासमोर येतात ते एकमेकांचे विरोधी. शेजारी ठेवले तर एकमेकांना भडकवतात, मिसळले तर एकमेकांना विझवतात. मी धावत घरी येऊन भाऊंना हे सगळं सांगितलं. ते हात धुवायचे थांबून ऐकत राहिले.

"ह्ये पुस्तकात हाय?" त्यांनी विचारलं.

"हो. तांबड्याच्या समोर हिरवा."

"आरं वा! मग आमी काय करतो? लाल बोंबलायला लागला का त्याला दोन थेंब हिरवा पाजतो. गप बसतो लगेच. आमच्यात बोलतात, लाल मारला." ते आईकडे वळले. "बघितलंस? मी करतो ते पुस्तकात हाय."

त्या वर्षी ते माझ्या चित्रकलेच्या वहीची वाट बघायचे. एकदा बाईंनी एकाच राखाडी कागदाचे दोन चौकोन कापून एक लाल कागदावर आणि दुसरा हिरव्या कागदावर चिकटवायला सांगितला. लालावरचा हिरवट दिसायला लागला आणि हिरव्यावरचा लालसर. मुली हसायला लागल्या, कुणी म्हणाली, कागदच वेगळे आहेत. भाऊंनी तो कागद बराच वेळ हातात धरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला डाय हाऊसमधून पुठ्ठ्याचा एक तुकडा आणून दाखवला. त्याला मधोमध भोक होतं. शेजारचा रंग डोळ्यात घुसू नये म्हणून ते त्या भोकातून कापड बघायचे. ही युक्ती त्यांना कुणी शिकवली नव्हती, त्यांची त्यांनीच शोधून काढली होती. वडिलांचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

नववीच्याच हिवाळ्यात मी परीक्षेसाठी रंगचक्र काढलं. आठवडाभर खपून, बारा खण, काठाला जराही रंग न सांडता. दुपारी जेवताना भाऊंपुढे धरलं. ते बघत राहिले आणि म्हणाले, "चांगलं काढलंस. पण ह्ये तीन खण सारखंच रंगवलंस का?"

त्यांचं बोट हिरव्यापासून निळ्यापर्यंतच्या खणांवर होतं. मी म्हटलं, "भाऊ, हा हिरवा, हा निळसर हिरवा आणि हा निळा."

"आन् ह्यो तपकिरी हितं कुठं आला?"

तो जांभळा होता.

मी हसले. मला वाटलं ते माझी गंमत करतायत. त्यांनी वही घेतली, ताटावरून उठून दाराशी गेले, उजेडात धरली, मान फिरवली, परत बघितलं. मग वही मिटून माझ्या हातात दिली आणि खाली मान घालून भाकरी खाल्ली. आई माझ्याकडे बघत होती. चार दिवसांपूर्वीच तिच्या गडद निळ्या लुगड्याला त्यांनी काळं म्हटलं होतं, हे तिला तेव्हा आठवलं असणार.

ठाण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघंही गेलो. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. या वयात एवढ्या लवकर का, ते त्यांनाही सांगता येईना. "अजून कच्चा आहे," ते म्हणाले. "पिकू दे. पिकला की काढू."

"कधी पिकंल?" भाऊंनी विचारलं.

"सहा महिने, वर्ष, दोन वर्षं. सांगता येत नाही."

"तवर काय करायचा, साहेब?" आईने विचारलं.

"काही नाही," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

गेल्या वर्षी माझ्याही डोळ्यात मोतीबिंदू निघाला आणि ऑपरेशन झालं. पिकायची वाट बघायला कुणी सांगितलं नाही. सकाळी गेले आणि दुपारी घरी आले. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर न्हाणीघरातली प्लास्टिकची बादली बघून मी तिथेच उभी राहिले. इतकी निळी होती ती. वर्षानुवर्षं त्याच बादलीने आंघोळ करत होते मी, आणि तिचा निळा थोडा-थोडा करून कधी गेला हे मला कळलंच नव्हतं. भाऊंच्या डोळ्यांपुढे पिवळट काच कशी चढत गेली असेल, ते मला तेव्हा समजलं, म्हणजे पन्नासएक वर्षं उशिरा. हळूहळू चढणारी गोष्ट ज्याची त्याला दिसत नाही. ते वीस वर्षं ज्या डोळ्यांवर विसंबून होते, त्यांच्यावर संशय कसा घेणार?

ठाण्याहून येताना एसटीत ते म्हणाले, "कुनाला बोलायचं न्हाय." आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आपल्या पानाच्या डब्याच्या झाकणातून दोन चिंध्या काढल्या. एक नमुन्याची, एक त्या दिवसाच्या रंगाची. मागच्या दाराशी मला उभं केलं.

"कसा हाय?"

"आपला जरा हिरव्याकडे झुकतोय."

"किती?"

"थोडासाच."

"म्हंजे लाल पाजायला पायजे," ते स्वतःशी म्हणाले आणि जेवायला बसले.

असे सात-आठ महिने गेले. शाळा सकाळची होती, त्यामुळे दुपारी मी घरीच असायचे. मी रंगाचं नाव सांगायचे, कोणीकडे झुकतोय ते सांगायचे, उजळ की गडद ते सांगायचे. किती थेंब घालायचे ते भाऊ ठरवायचे. माझे डोळे आणि त्यांचा अनुभव मिळून एक मास्तर होत होता. एकही लॉट परत आला नाही. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं. वर्गात बाई शिकवायच्या की रंगाला तीन गुण असतात, त्याची जात, त्याचा उजळपणा आणि त्याची तीव्रता. मुली ते पाठ करायच्या. आणि मी मनात म्हणायचे, मी रोज याच्यावर अख्खं डाय हाऊस चालवते.

भाऊंच्या हाताखाली रंग तोलायला इद्रिसचाचा होते. उत्तरेकडचे, बायकापोरं गावाला, इथे तिघा-चौघांबरोबर एका खोलीत राहायचे. पितळी तराजूत रंगाची भुकटी तोलताना ते श्वास रोखायचे, कारण फुंकरेनेही वजन बदलतं. दाढीत कायम कुठलातरी रंग अडकलेला. मला बिटिया म्हणायचे आणि तराजूत उरलेली चिमूटभर भुकटी कागदाच्या पुडीत बांधून माझ्या चित्रांसाठी भाऊंबरोबर पाठवायचे. भाऊंचं आणि त्यांचं बोलणं कमी असे, पण भाऊ घरी म्हणायचे, "इद्रिसचा हात म्हंजे काटा. त्याला दोनदा सांगायला लागत न्हाय."

श्रावणाच्या आसपासची गोष्ट. शाळेच्या गणवेशाच्या पँटचं राखाडी कापड मोठ्या प्रमाणात आलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते लॉरीत चढायचं होतं. त्या दिवशी नेमका बॉयलर बिघडला. दुपारी भाऊ जेवायला आलेच नाहीत. दिवेलागणीला आले, घामाने भिजलेले, आणि चप्पल न काढता त्यांनी खिशातून दोन चिंध्या काढल्या. बाहेर अंधारून आलं होतं. आईने स्वयंपाकघरातला पिवळा बल्ब लावला.

भाऊंचा स्वतःचा एक नियम होता. दिव्याखाली रंग पास करायचा नाही. शेठ घाई करायला लागले तरी ते म्हणायचे, सकाळी सूर्य आला की सांगतो. राखाडीच्या बाबतीत तर ते फारच जपत. राखाडी हा सगळ्यात लबाड रंग, म्हणायचे, कारण तो सगळ्यांना मारून झालेला असतो. निळा, पिवळा, लाल, कुणाचं किती रक्त त्यात आहे ते वरून कळत नाही.

त्या संध्याकाळी मात्र त्यांनी बल्बकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "शैला, दिव्याखाली सांगशील?"

मी नाही म्हणायला हवं होतं. मला येतं, हे दाखवायचं होतं मला. त्याच आठवड्यात चित्रकलेत पहिली आले होते. मी दोन्ही चिंध्या बल्बखाली धरल्या, त्यांच्यासारखं एकदा बघितलं, मान फिरवली, परत बघितलं. काहीच फरक नव्हता. कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते ते कळत नव्हतं.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की, भाऊ. एकच आहेत दोन्ही."

ते तसेच मागे फिरले, रात्रीतून सगळा लॉट त्या रंगात टाकायला. आई म्हणाली, "पानी तरी प्या." पण ते गल्लीच्या टोकाला पोचले होते.

दुसऱ्या दिवशीही ते जेवायला आले नाहीत. आईने डबा भरून माझ्याकडे दिला. डाय हाऊसच्या फाटकातून आत शिरले तर अंगणात माणसं उभी होती आणि दोऱ्यांवर राखाडी थानं टाकलेली होती. ऊन चांगलं पडलं होतं. कापड राखाडी दिसत नव्हतं. त्यावर लालसर, विटकरी झाक होती, जुन्या जखमेच्या कडेला असते तशी. दोरीच्या टोकाला व्यापाऱ्याचा नमुना टाचणीने लावला होता, तो मात्र थंड, निळसर, स्वच्छ राखाडी. एकच आहेत म्हणून मी सांगितलेले ते दोन रंग उन्हात एकमेकांचे कुणीच लागत नव्हते.

नंतर देवधरबाईंनी मला हे समजावून सांगितलं. मी त्यांना कारण सांगितलं नाही, नुसतं विचारलं. त्या म्हणाल्या, रंग वस्तूवर चिकटलेला नसतो, उजेड वस्तूवरून परत येतो तो आपल्याला दिसतो. उजेड बदलला की रंग बदलतो. वेगवेगळ्या भुकट्या मिसळून केलेले दोन राखाडी पिवळ्या दिव्याखाली जुळे दिसतील आणि उन्हात नेले की वेगळे निघतील. "पहिल्या तासालाच सांगितलं होतं मी," बाई म्हणाल्या. सांगितलं होतं. माझ्या वहीत होतं, माझ्याच अक्षरात.

अंगणात शेठ उभे होते. ते ओरडणारे नव्हते, आवाज चढवला नाही. "मास्तर, तुम्ही पास केला होता ना?"

भाऊ कापडाकडे बघत होते. त्यांना ती लालसर झाक दिसत होती की नाही, मला आजही माहीत नाही. बहुतेक लोकांच्या चेहऱ्यांवरूनच त्यांना कळलं असावं. "मी बघितला तवा बरोबर होता," ते म्हणाले.

"मग?"

भाऊंनी थानाची कड बोटांत धरून उजेडाकडे केली. शेठ इद्रिसचाचांकडे वळले. "इद्रिस, बड़े लॉट का रंग तौलने में कुछ ऊपर-नीचे हुआ?"

चाचांनी आधी भाऊंकडे बघितलं. भाऊंची नजर कापडावरच होती. मग चाचांची मान फाटकाकडे वळली, तिथे मी डबा धरून उभी होते. आमची नजरानजर झाली. त्या क्षणी मला कळलं की त्यांना सगळं माहीत आहे. दुपारच्या जेवणाआधी मास्तर हल्ली काहीच का पास करत नाहीत, चिंध्या पानाच्या डब्यात का जातात, परत आल्यावर तेवढंच नेमकं कसं सांगतात, हे रोज शेजारी उभं राहणाऱ्या माणसाला कळल्याशिवाय राहणार होतं का?

"हो सकता है, सेठ," चाचा म्हणाले.

मी दोन पावलं पुढे गेले. कुणीतरी माझ्या हातातून डबा घेतला आणि म्हणालं, "जा बाळ, घरी जा." मी घरी आले. थानं काळ्या रंगात टाकली, असं नंतर कळलं. बिघडलेला रंग लपवायला एक काळाच उरतो. त्याच दिवशी इद्रिसचाचांना कामावरून काढलं.

संध्याकाळी भाऊ ताटावर बसले आणि भाकरीला हात लावला नाही.

"भाऊ, मी सांगितलं होतं बरोबर आहे म्हणून," मी म्हटलं.

"तुझं काय न्हाय त्यात."

"मग चाचांचं तरी काय होतं?"

आई चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "पोरगी बरोबर बोलतेय. सांगा उद्या जाऊन."

"काय सांगू?" भाऊंचा आवाज फाटला. "मास्तरला रंग दिसत न्हाय, सांगू? कलर मास्टरला? मग मी कोन ऱ्हातो?"

आईने ताट झाकून ठेवलं. बाहेर लूम चालू होते.

दोन दिवस मी वाट बघितली की ते सांगतील. तिसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर डाय हाऊसला गेले आणि शेठच्या खोलीत शिरले. ते जेवून सुपारी कातरत होते. "काय गं, मास्तरांचा निरोप?"

"शेठ, तो राखाडी मी पास केला होता."

ते हसले. "तू?"

मी सगळं सांगितलं, पानाचा डबा, चिंध्या, मागचं दार, बल्ब. ते हसायचे थांबले. "पण तुला का विचारायचे मास्तर?" त्यांनी विचारलं. मी चाचांना परत आणायला आले होते. हा प्रश्न येईल, हे पंधरा वर्षांच्या माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आता त्यावर खोटं बोलायला जागा नव्हती.

"त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे," मी म्हटलं.

शेठनी अडकित्ता खाली ठेवला. "इद्रिसचाचांना परत बोलवाल ना?" मी विचारलं. त्यांनी खरंच माणूस पाठवला, माझ्यादेखत पाठवला. तो अर्ध्या तासात परत आला. इद्रिस आदल्या दिवशीच ट्रंक घेऊन गेला, कुठे ते खोलीतल्या कुणाला माहीत नव्हतं. गावाला गेला असेल, म्हणे.

महिन्याभरात शेठनी बाहेरून एक शिकलेला माणूस आणला आणि भाऊंना घडी खात्यात बसवलं. रंगून आलेल्या कापडाच्या घड्या घालायच्या, त्यावर शिक्का मारायचा. शेठ चांगलेच वागले, असं सगळे म्हणाले. मी सत्य सांगितलं त्याने चाचांचं काम परत आलं नाही आणि भाऊंचं गेलं. त्या दिवशी घरी आल्यावर भाऊंनी विचारलं होतं, "शेठकडे गेली होतीस?" मी हो म्हटलं. "बरं केलंस," ते म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर मला रडता तरी आलं असतं. त्यानंतर त्यांनी मला कुठलाच रंग कधी विचारला नाही. दिवाळीला आईसाठी लुगडं घ्यायला गेलो तर दुकानात ते बाकावर बसून रस्त्याकडे बघत राहिले. माझी चित्रकलेची वही त्यांनी पुन्हा मागितली नाही, आणि मीही ती त्यांच्यापुढे ठेवायचं धाडस केलं नाही. नखं मात्र स्वच्छ झाली. आई त्या नखांकडे बघायची आणि काही न बोलता ताट वाढायची.

मोतीबिंदू पिकला तेव्हा मी अकरावीत होते. एक डोळा झाला, मग काही महिन्यांनी दुसरा. पहिल्या डोळ्यालाच जाड भिंगांचा चष्मा आला. तो लावून भाऊ दवाखान्यातून घरी आले आणि उंबऱ्यातच थबकले. "भिंती कधी रंगवल्या?"

"कुनी रंगवल्या न्हाय," आई म्हणाली. "मागचाच चुना हाय. नीळ टाकलेला."

ते भिंतीपाशी गेले आणि तळवा टेकवून उभे राहिले. मग चष्म्याखालून डोळे पुसायला लागले. आई घाबरली, टाके ओले होतील म्हणून ओरडली. आठवड्याने ते शेठना भेटायला गेले. आता दिसतंय म्हणून सांगायला. नवा मास्तर स्थिरावला होता, त्याच्याकडे रंगांचे छापील तक्ते होते. शेठ म्हणाले, "मास्तर, घडी खात्यात काही त्रास आहे का?" भाऊ नाही म्हणाले आणि परत आले.

त्याच उन्हाळ्यात एका लॉरीवाल्याकडून कळलं की इद्रिसचाचा गावाला गेलेच नव्हते. पडघ्याला नात्यातल्या कुणाचं गाद्या-रजयांचं दुकान होतं, तिथे कापूस पिंजत होते. रविवारी भाऊंनी धुतलेला सदरा घातला आणि मला म्हणाले, "चल." कुठे ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एसटीत ते सबंध वाटभर ओठ हलवत होते. काय बोलायचं ते मनात जुळवत होते.

दुकान बाजाराच्या टोकाला होतं. चाचा कापसात बसले होते, भुवया पांढऱ्या, दाढी पांढरी, तिच्यात एकही रंग नव्हता. आम्हाला बघून उठले, अंगावरचा कापूस झटकला आणि म्हणाले, "अरे मास्टर! आँख बन गई? माशाल्लाह." स्टूल पुसून पुढे सरकवलं. समोरच्या हॉटेलला हात करून तीन चहा सांगितले.

"इद्रिस," भाऊ म्हणाले, "मना तुला सांगायचं व्हतं. त्या दिवशी..."

"चाय में शक्कर ज़्यादा तो नहीं लेते ना अब?"

"त्या दिवशी शेठनी विचारलं तवा मी..."

"बिटिया कितनी बड़ी हो गई," चाचा माझ्याकडे वळले. "ड्रॉइंग चल रही है?"

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाच माहीत नव्हतं.

भाऊंनी तिसऱ्यांदा सुरुवात केली. चाचांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, हलकेच, तराजूत भुकटी ठेवायचे तसा. "मास्टर, छोड़ो वो बात. चाय ठंडी हो रही है." त्यात माफी होती की दार लावून घेणं होतं, हे मी तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर शोधलं आणि आजही शोधते. आवाज मऊ होता. डोळे मात्र पिंजायच्या कापसाकडे होते, जणू हातातलं काम थांबल्याचं त्यांना बोचत होतं. भाऊंनी परत कामाला यायचं सुचवलं, शेठशी बोलतो म्हणाले. "यहाँ ठीक है," चाचा म्हणाले. "यहाँ सब सफ़ेद है." आणि हसले. मग गिऱ्हाईक आलं, ते उठले, आणि आम्हाला उठण्यावाचून काही उरलं नाही. चहाचे पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत.

परतीची एसटी अर्धी रिकामी होती. भाऊ खिडकीशी बसले. वडप्याच्या आसपास, आता जिथे गोदामांशिवाय काही दिसत नाही तिथे तेव्हा भाताची खाचरं होती, उन्हाने तडकलेली. भाऊंनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला.

"त्यानं मना बोलूच दिलं न्हाय, शैला," ते म्हणाले.

मी त्यांचा हात धरायला हात पुढे केला आणि मध्येच थांबवला, कारण एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकांचे हात कधी धरले नव्हते. थोड्या वेळाने ते पुन्हा तेच म्हणाले, मला नाही, काचेला. भिवंडीचा स्टँड येईपर्यंत ते अधूनमधून तेवढंच म्हणत राहिले, आणि मी प्रत्येक वेळी "हो, भाऊ" म्हणत राहिले.